यादींतील एक कलम

विसरणें हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे. विद्वान् विसरतो आणि अडाणीहि विसरतो. भेद इतकाच कीं, कोण कोणत्या वेळीं विसरतो आणि त्याच्या विसरण्याचें मोल कोणास द्यावें लागतें. घरीं आई भाजींत मीठ घालावयास विसरली तर एक वेळचें जेवण अळणी होतें. विद्यार्थी परीक्षेस जातांना प्रवेशपत्र घरीं विसरला तर त्याचें वर्ष धोक्यांत येतें. परंतु दीडदोनशें माणसांस घेऊन आकाशांत जाणारा वैमानिक एक कळ फिरवावयास विसरला तर काय होतें, आणि तसें होऊं नये म्हणून मनुष्यानें कोणती युक्ति शोधून काढिली आहे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहोंत.

कोणी विद्यार्थी म्हणेल, “आमच्या बीड जिल्ह्यांत विमानाचें काय काम? बीड शहरांत आगगाडी येण्यासच १७ सप्टेंबर २०२५ चा दिवस उजाडावा लागला. आमच्या डोक्यावरून विमानें जातात खरीं, पण आम्हांस त्यांचा आवाज तेवढा ठाऊक.” या शंकेस आमचीं दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, आपल्या बीडच्या रस्त्याचें नांव एका मोठ्या विमान-अपघाताच्या चौकशींत कायमचें लिहिलें गेलें आहे; तो प्रसंग पुढें येईलच. दुसरें असें कीं, विमान चालविणारें मन आणि विहिरीवरची मोटार चालविणारें मन हीं एकाच मातीचीं आहेत. एकास जो दोष लागतो तोच दुसऱ्यास लागतो, व एकास जो उपाय लागू पडतो तोच दुसऱ्यासहि पडतो.

प्रथम या यादीचा जन्म कसा झाला तें पाहूं. इ. स. १९३५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३० व्या तारखेस अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, डेटन शहराजवळ राइट फील्ड नांवाच्या तळावर, बोइंग कंपनीच्या एका नव्या चार इंजिनांच्या विमानाची परीक्षा चालली होती. विमान त्या काळीं अद्भुतच म्हणावयाचें. तें चालविणारे मेजर प्लॉयर हिल हे कसलेले वैमानिक होते. कंपनीचे मुख्य परीक्षक वैमानिक लेस्ली टॉवर हेहि विमानांत होते. विमान धांवलें, वर चढलें, आणि क्षणांत एका बाजूस कलून जमिनीवर कोसळलें व पेटलें. हिल व टॉवर हे दोघेहि त्यांत मृत्यु पावले. चौकशींत असें आढळलें कीं, इंजिनें शाबूत होतीं आणि यंत्रांत कोठेंहि मोड नव्हती. विमान तळावर उभें असतां वाऱ्यानें त्याच्या शेपटीचे सुकाणूं हलून मोडूं नयेत म्हणून ते एका खिटीनें जखडून ठेवीत असत. उडण्यापूर्वीं ती खिटी काढावयाची राहिली होती.

येथें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, खिटी काढावी हें हिल यांस ठाऊक नव्हतें असें कोणीहि म्हणणार नाहीं. ज्ञान होतें, कौशल्य होतें, अनुभवहि होता. उणी पडली ती स्मृति. तेव्हां ‘अधिक हुशार वैमानिक शोधा’ असें म्हणण्यांत अर्थ नव्हता. लष्करी वैमानिकांनीं विचार करून निराळाच मार्ग काढिला. विमान सुरू करतांना, उडवितांना, उतरवितांना व थांबवितांना जें जें करावयाचें त्याची एक लहानशी लेखी यादी त्यांनीं केली व ती प्रत्येक वेळीं वाचावयाची असा नियम घातला. तेंच विमान पुढें ‘बी-१७’ या नांवानें प्रसिद्ध झालें व हजारों संख्येनें बांधलें गेलें. मोठ्या यंत्रास मोठी बुद्धि लागतेच. पण त्या बुद्धीस एका कागदाच्या कपट्याचा आधार लागतो, हें सत्य त्या दिवसापासून जगास कळलें.

आतां ही यादी वापरतात कशी, तें समजून घेतलें पाहिजे. ती शिधासामानाच्या यादीसारखी एकट्यानें मनांत वाचावयाची नसते. वैमानिकांच्या खोलींत दोघे जण शेजारीं शेजारीं बसतात. आधीं ते आपापलीं कामें नेहमींच्या क्रमानें उरकतात, आणि मग एक जण यादी मोठ्यानें वाचतो. प्रत्येक कलमास दुसऱ्यानें त्या कळेकडे किंवा त्या दिव्याकडे प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहून उत्तर द्यावयाचें असतें. म्हणजे यादी ही काम करण्याची रीत नव्हे. केलेलें काम खरोखर झालें आहे काय याची ती साक्ष आहे. जसा हिशेब मांडणारा एक व ताळा पाहणारा दुसरा, तसेंच हें आहे. यांतील ‘पाहणें’ गळालें कीं उरतो तो केवळ पाठ.

आमच्याच महाराष्ट्रांतील एक प्रसंग घेऊं. ता. २० सप्टेंबर २०१८ रोजीं सकाळीं जेट एअरवेज या कंपनीचें ‘बोइंग ७३७’ जातीचें एक विमान मुंबईहून जयपूरकडे निघालें. त्यांत १६६ उतारू व ५ कर्मचारी होते. विमान वर चढूं लागलें तशी उतारूंच्या कानांत असह्य कळ येऊं लागली, आणि थोड्याच वेळांत डोक्यावरील छतांतून श्वासाचे पिवळे मुखवटे खालीं लोंबूं लागले. सुमारें ३० उतारूंच्या नाकांतून किंवा कानांतून रक्त आलें. वैमानिकांनीं विमान मुंबईस परत आणिलें. देवकृपेनें प्राणहानि झाली नाहीं. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या प्राथमिक चौकशींत असें निघालें कीं, विमानांतील हवेचा दाब राखणारी कळ चालू करण्यास वैमानिक विसरले होते.

ही कळ काय करिते? आपण जसजसें वर जावें तसतशी हवा विरळ होत जाते. तीस-पस्तीस हजार फुटांवर तर ती इतकी विरळ असते कीं, बाहेरची हवा घेऊन मनुष्यास अर्ध्या-एक मिनिटापलीकडे धड शुद्धि राहत नाहीं. म्हणून विमानाच्या इंजिनांतून दाबलेली हवा काढून, ती निववून, उतारूंच्या दालनांत सोडतात. परंतु इंजिनांतून हवा काढली म्हणजे इंजिनाचें तितकें बळ उणें होतें. विमान भारी असेल किंवा धांवपट्टी आंखूड असेल, तर उडण्याच्या क्षणीं सगळें बळ हातीं असावें म्हणून केव्हां केव्हां ही हवा मुद्दाम बंद ठेवून उड्डाण करितात, आणि वर गेल्यावर ती सुरू करावयाची असते. ‘७३७’ जातीच्या विमानाची उड्डाणानंतरची यादी फार लहान असते. इंजिनाच्या हवेच्या कळा चालू, वातानुकूलनाचीं यंत्रें चालू, चाकें आंत, पंखांच्या झडपा आंत, एवढींच काय तीं चार कलमें. त्यांतील पहिलेंच कलम या हवेच्या कळेचें आहे! चार ओळींच्या यादींतील पहिली ओळ मनुष्यास चुकवितां येते, हें पाहून आपण नम्र झालें पाहिजे.

याहून दारुण प्रसंग ग्रीस देशांत घडला. ता. १४ ऑगस्ट २००५ रोजीं सायप्रस बेटांतील लार्नाका येथून हेलिऑस कंपनीचें विमान अथेन्सकडे निघालें. आदल्या रात्रीं दुरुस्ती करणाऱ्यांनीं दाबाची परीक्षा घेण्यासाठीं एक खुंटी ‘स्वयंचलित’ वरून ‘हातानें चालविण्याच्या’ जागीं फिरविली होती, आणि ती तशीच राहिली. ती खुंटी पाहण्याची संधि वैमानिकांस उड्डाणापूर्वींच्या तयारींत मिळाली, इंजिन सुरू करण्यापूर्वींच्या यादींत मिळाली, आणि उड्डाणानंतरच्या यादींतहि मिळाली. तिन्ही वेळां नजर तिच्यावरून गेली व ती दिसली नाहीं. वर गेल्यावर भोंगा वाजला, परंतु तसाच भोंगा जमिनीवर दुसऱ्या एका दोषासाठींहि वाजत असे. वैमानिकांस वाटलें, हा तोच. विरळ हवेनें बुद्धि मंद होत जाते आणि ती मंद झाल्याचें त्याच बुद्धीस कळत नाहीं, हें या संकटाचें अत्यंत भयंकर लक्षण आहे. इंधन संपेपर्यंत तें विमान आपोआप उडत राहिलें आणि शेवटीं ग्रामाटिको गांवाजवळ डोंगरावर आदळलें. त्यांतील १२१ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं.

हीं माणसें आळशी होतीं काय? बेफिकीर होतीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आणि तसें म्हणून मोकळें होणें हें आमच्या मतें दुसरें दुर्लक्ष होय. दोष मनाच्या रचनेंत आहे, आणि त्याचीं तीन बिळें आहेत.

पहिलें बीळ संवयीचें. ‘अतिपरिचयात् अवज्ञा’ असें जें वचन आहे तें यंत्रासहि लागू आहे. जी कळ हजार वेळां चालू दिसली ती एक हजार एकाव्या वेळीं बंद असली तरी डोळ्यांस चालूच दिसते, कारण डोळा पाहण्याआधीं मनानें उत्तर देऊन टाकिलेलें असतें. असाफ डेगानी व अर्ल वीनर या दोन संशोधकांनीं अमेरिकेंत वैमानिकांच्या याद्यांचा बारकाईनें अभ्यास करून १९९० सालीं आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतहि हें न पाहतां पाहण्याचें लक्षण त्यांनीं नमूद केलें आहे. आपण प्रार्थना म्हणतांना ओंठ हालतात आणि मन मैदानावर असतें, तशांतलाच हा प्रकार.

दुसरें बीळ खंडाचें. काम मध्येंच तुटलें कीं मन तें पुनः जोडतांना एकादी कडी गाळतें, आणि ती गाळल्याचें त्यास कळत नाहीं. ता. २० ऑगस्ट २००८ रोजीं स्पेनची राजधानी माद्रिद येथें असेंच झालें. स्पॅनएअर कंपनीचें विमान धांवपट्टीपर्यंत जाऊन एका तपमापकाच्या बिघाडामुळें परत आलें. दुरुस्ती झाली, उशीर झालेला, उन्हाळ्याचे दिवस. सर्व तयारी पुनः पहिल्यापासून करावयाची होती. त्या धांदलींत उड्डाणास लागणाऱ्या पंखांच्या झडपा बाहेर काढावयाच्या राहिल्या. त्या राहिल्या म्हणून वाजावयाची सूचनाहि वाजली नाहीं. विमान उचललें व लगेच खालीं आलें. १७२ माणसांपैकीं १५४ मृत्यु पावलीं.

तिसरें बीळ ‘मग करूं’ या शब्दांचें. जें काम आतां करावयाचें तें बहुधा होतें. जें थोड्या वेळानें करावयाचें, तेंच राहतें. उड्डाणाच्या वेळीं मुद्दाम बंद ठेविलेली हवा थोड्या वेळानें सुरू करावयाची असते, आणि त्या थोड्या वेळांत नियंत्रकाचा निरोप येतो, ढग येतो, वळण येतें. चुलीवर दूध ठेवून ‘आलेंच’ म्हणून दारापर्यंत गेलेल्या गृहिणीस हा सिद्धान्त कोणी शिकवावयास नको.

विस्मृतीची सख्खी बहीण म्हणजे चित्तविक्षेप. ता. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्रीं ईस्टर्न कंपनीचें एक मोठें विमान न्यूयॉर्कहून मायामीस येत होतें. उतरण्यासाठीं चाकें खालीं सोडलीं, पण पुढचें चाक नीट बसल्याची खूण देणारा लहानसा हिरवा दिवा लागला नाहीं. वैमानिकांनीं विमान २,००० फुटांवर स्थिर करून, आपोआप उडण्याच्या यंत्राच्या स्वाधीन केलें, आणि सगळे त्या दिव्याच्या मागें लागले. कोणी दिवा उपसूं लागला, कोणी तळघरांत उतरून चाक दिसतें काय तें पाहूं लागला. या खटपटींत त्या यंत्राची उंची राखण्याची खूणगांठ नकळत सुटली आणि विमान हळूहळू खालीं येऊं लागलें. उंची घटल्याची सूचक घंटा झाली. ती कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. बाहेर काळोख, खालीं दलदल. विमान एव्हरग्लेड्सच्या पाणथळींत आदळलें. १७६ पैकीं १०१ माणसें दगावलीं. मागून पाहतां चाक नीट बसलेलें होतें. दिवा तेवढा जळालेला होता. सर्वांचे डोळे एका दिव्याकडे लागले आणि उंचीमापकाकडे पाहणारा एकहि उरला नाहीं, इतकीच ती गोष्ट.

याच्या दोन वर्षांनीं, ता. ११ सप्टेंबर १९७४ रोजीं, त्याच कंपनीचें दुसरें विमान धुक्यांत शार्लट शहरास उतरत असतां पडलें. त्या वेळीं वैमानिक राजकारण, जुन्या मोटारी अशा इकडच्यातिकडच्या गप्पा मारीत होते, असें नोंदयंत्रावरून निघालें. अशा प्रसंगांनंतर अमेरिकेंत १९८१ सालीं नियम झाला कीं, विमान जमिनीवर चालूं लागल्यापासून १०,००० फुटांवर जाईपर्यंत, आणि उतरतांना १०,००० फुटांखालीं आल्यापासून, वैमानिकांनीं कामावांचून एक शब्दहि बोलूं नये, आणि कोणी त्यांस कामावांचून हांक मारूं नये. पुढें जगभर हा दंडक रूढ झाला. आपल्या घाटांतील एस्‌टी बसमध्यें ‘चालकाशीं बोलूं नये’ अशी जी पाटी आपण पाहतों, ती याच ज्ञानाची धाकटी बहीण होय.

आतां बीडच्या रस्त्याकडे वळूं. ता. २६ एप्रिल १९९३ रोजीं इंडियन एअरलाइन्सचें ‘बोइंग ७३७’ जातीचें विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, आलें. तेथून तें भर दुपारीं मुंबईस जावयास निघालें. विमानांत ११८ माणसें होतीं. चिकलठाण्याची धांवपट्टी जवळजवळ संपली तेव्हां कोठें तें जमिनीवरून उचललें. त्या पट्टीच्या टोकाशीं आडवा रस्ता होता, आणि त्या रस्त्यानें त्याच क्षणीं कापसाच्या दाबलेल्या गांठींनीं भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचें डावें चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारें सात फूट उंचीवर त्या ट्रकावर आदळला. घायाळ विमान तसेंच पुढें गेलें, सुमारें तीन किलोमीटरांवर विजेच्या तारांस धडकलें आणि शेतांत पडून पेटलें. ५५ माणसें मृत्यु पावलीं, ६३ वांचलीं.

चौकशीनें दोन कारणें सांगितलीं. पहिलें असें कीं, वैमानिकांनीं विमानाचें नाक उचलण्यास उशीर केला व उचलण्याची रीतहि चुकली. दुसरें असें कीं, विमानांच्या वेळांत बीड रोडवरील वाहतुकीचें नियमन करण्यास राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण चुकलें. त्या निष्कर्षांत हें नांव स्पष्ट लिहिलेलें आहे. गांठी बांधणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यापासून धांवपट्टीच्या टोकापर्यंत हा आपला नित्याचा प्रदेश आहे. कापसाच्या हंगामांत ट्रकामागून ट्रक जातांना आपण सर्वांनीं पाहिले आहेत.

या प्रसंगाचें मर्म आम्हांस असें वाटतें. विमान जेव्हां धांवपट्टीवर धांवतें तेव्हां एक वैमानिक वेगाकडे पाहतो व ठराविक वेग येतांच मोठ्यानें शब्द उच्चारतो. तो शब्द ऐकतांच दुसऱ्यानें नाक उचलावयाचें. हें आकाशाकडचें कलम. विमान येतांजातां रस्ता मोकळा ठेवावयाचा, हें जमिनीकडचें कलम. दोहोंपैकीं एक जरी नीट पाळलें गेलें असतें तरी कदाचित् तीं ५५ माणसें घरीं पोंचलीं असतीं. नाक वेळेवर उचललें असतें, तर ट्रक खालून निघून गेला असता. रस्ता अडविलेला असता, तर उशीरा उचललेलें विमानहि मोकळ्या जागेवरून गेलें असतें. एकाची चूक दुसऱ्यानें झांकावी म्हणून तर दोन पहारे ठेवावयाचे. दोन्ही एकाच क्षणीं ढिले पडले कीं अनर्थ होतो. आणि यांत ट्रकाच्या चालकाची यादी कोणाच्या हातीं होती? तो बिचारा रोजच्या रस्त्यानें चालला होता. आपल्या विसरण्याचें मोल पुष्कळदां ज्यानें कांहींच विसरलेलें नसतें त्यास द्यावें लागतें. कर्तव्याचा विचार करतांना ही गोष्ट प्रत्येकानें हृदयाशीं धरावी.

उपाय काय? विमानविद्येनें जे उपाय अनुभवानें ठरविले, त्यांतील तीन आम्ही येथें सांगतों.

पहिला उपाय असा कीं, यादी मध्येंच तुटली तर जेथें सुटली असें वाटतें तेथून पुढें जाऊं नये. संशय असल्यास पहिल्या ओळीपासून पुनः वाचावी. यांत अर्धें मिनिट जातें. गेलें तर गेलें.

दुसरा उपाय असा कीं, पाहिलेलें तोंडानें म्हणावें, व शक्य तर बोट दाखवून म्हणावें. आपल्या आगगाडीचा चालक व त्याचा साहाय्यक हे पुढील सिग्नलचा रंग एकमेकांस मोठ्यानें सांगतात. जपानी रेल्वेंत तर प्रत्येक खुणेकडे बोट करून ती उच्चारण्याची रीत फार जुनी आहे. बघणाऱ्यास हें पोरकट वाटतें. पण डोळा, बोट, जीभ व कान हीं चार इंद्रियें एका कामीं लागलीं म्हणजे मनास पळावयास वाट राहत नाहीं.

तिसरा उपाय सर्वांत कठीण, आणि आमच्या समाजास तर विशेष कठीण. तो असा कीं, धाकट्यानें थोरल्यास वेळेवर टोकावें. वैमानिकांत एक वडील असतो व एक धाकटा. वडिलाचें चुकतें आहे असें धाकट्यास दिसलें, तरी त्याची जीभ रेटत नाहीं. आणि रेटली तरी ती इतकी आडवळणानें बोलते कीं, ऐकणाऱ्यास कांहीं बोध होत नाहीं. अशा मौनानें पुष्कळ विमानें गेलीं आहेत. म्हणून आतां वैमानिकांस शिकवितात कीं, धाकट्यानें स्पष्ट बोलावें आणि थोरल्यानें तें ऐकून घ्यावें. आमच्या घरांत व शाळेंत ‘मोठ्यांस उलट बोलूं नये’ ही शिकवण आहे, व ती चांगली आहे. परंतु उलट बोलणें निराळें आणि वेळेवर सांगणें निराळें. पवित्र शास्त्रांतील बाळ शमुवेलाची गोष्ट आपण रविवारच्या वर्गांत ऐकली आहे. वृद्ध एली हा त्याचा गुरु. त्यास अप्रिय असें वर्तमान सांगणें त्या मुलाच्या जिवावर आलें होतें. तरी त्यानें कांहींएक न लपवितां तें सांगितलें, आणि एलीनेंहि तें शांतपणें ऐकून घेतलें. सांगणाऱ्याचें धैर्य आणि ऐकणाऱ्याची नम्रता हीं दोन्ही असलीं तरच हा उपाय फळास येतो. “गुरुजी, गॅसची तोटी उघडी राहिली आहे,” असें प्रयोगशाळेंत सांगणारा विद्यार्थी उद्धट नव्हे. तो वर्गाचा रक्षक होय. आणि त्याचे आभार न मानतां त्यास दटावणारा शिक्षक पुढच्या वेळीं त्याचें मौन स्वतः विकत घेतो, हें आम्हां शिक्षकांनींहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

यादीचा हा गुण विमानापुरताच राहिला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं १९ कलमांची एक यादी तयार केली. रोगी हाच काय, कोणत्या बाजूस कापावयाचें आहे, औषध दिलें काय, बोळे मोजले काय, असे साधे साधे प्रश्न तींत आहेत. जगांतील आठ शहरांतील रुग्णालयांत तिची परीक्षा झाली; दिल्लीचें सेंट स्टीफन्स हें जुनें मिशन रुग्णालय त्यांपैकीं एक होतें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, आणि मोठ्या उपद्रवांचें शेंकडा ११ वरून ७ वर आलें. परंतु गोष्ट येथेंच संपत नाहीं. कॅनडांतील ऑंटारिओ प्रांतांत ही यादी सरसकट सक्तीची केली तेव्हां, २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाहीं. असें कां व्हावें यावर विद्वानांत वाद आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणें यांतील बोध असा कीं, यादी भिंतीवर लावल्यानें कोणी वांचत नाहीं आणि तिच्यावर खुणा केल्यानेंहि वांचत नाहीं. ती वाचणारा मनुष्य त्या क्षणीं तेथें हजर असावा लागतो, आणि तो देहानें असून मनानें नसला तर कागद काय करणार?

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं एकादा पुढें वैमानिक होईल. आम्हांस त्याचा आनंदच वाटेल. पण बहुतेक जण शेती करतील, दवाखान्यांत काम करतील, गाडी चालवितील किंवा शाळेंत शिकवितील. त्या प्रत्येक कामांत एक खिटी, एक कळ किंवा एक रस्ता तुमच्या हातीं असणार. विजेच्या मोटारीस हात लावण्यापूर्वीं खटका बंद केला काय? फवारणीच्या औषधाची बाटली मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेविली काय? ऊंस भरलेल्या ट्रॉलीस मागें तांबडा दिवा किंवा चकाकणारी पट्टी आहे काय? दुचाकीवर बसतांना डोक्यास शिरस्त्राण आहे काय, आणि खिशांतला मोबाइल वाजला तर तो वाजूं देण्याचा निश्चय आहे काय? अशी चार-पांच ओळींची यादी स्वतःच्या हातानें लिहा. ती लांब करूं नका. लांब यादी कोणी वाचीत नाहीं. जें विसरलें असतां प्राण जाईल, तेवढेंच तींत घाला. मग ती रोज, जणूं प्रथमच वाचीत आहों अशा डोळ्यांनीं वाचा.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. बोहल्यावर उभे असतां ‘सावधान’ हा शब्द कानीं पडला आणि ते खरोखरच सावध होऊन मंडपांतून निघून गेले, अशी आख्यायिका आहे. मंगलाष्टकांतील हा शब्द आपण सर्वांनीं शंभर वेळां ऐकला आहे, पण अक्षतांच्या गडबडींत तो ऐकूनहि ऐकत नाहीं. प्रभु येशूनें दहा कुमारींचा जो दृष्टान्त सांगितला त्यांतहि हेंच आहे. दिवा दहाही जणींजवळ होता, झोंपहि दहाही जणींस लागली. पण पांच जणींनीं तेल बरोबर घेतलें होतें आणि पांच जणी तें विसरल्या होत्या. दार लागलें तें त्या एका विसरण्यामुळें.

बीडहून संभाजीनगराकडे जाण्याचा योग आला, आणि डोक्यावरून एकादें विमान चाकें आंत ओढीत वर जातांना दिसलें, तर क्षणभर त्या ५५ जणांचें स्मरण करा. त्याच क्षणीं वर कोणीतरी एक यादी वाचीत असेल व दुसरा कोणी उत्तर देत असेल. आपणहि आपल्या यादीचें पहिलें कलम मनांत वाचावें, त्या कळेकडे पाहावें, आणि मगच उत्तर द्यावें.